मांड

अनुवादातील चुका बहुधा कागदावरच राहतात. एखादा साक्षेपी समीक्षक त्या दाखवून देतो, अनुवादक दोन दिवस खट्टू होतो, पुढच्या आवृत्तीत शब्द बदलला जातो आणि ती गोष्ट तेथेच संपते. तीस वर्षांहून अधिक काळ मी जर्मन भाषा शिकवली आणि त्या काळात पुष्कळ भाषांतरे केली. त्यांत चुका झाल्या नाहीत असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु माझी एक चूक मात्र कागदावर राहिली नाही. ती कागदावरून उठली, पुण्याबाहेरच्या एका तबेल्यात गेली आणि एका घोडीच्या तोंडात जाऊन बसली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यांवर त्या चुकीचे व्रण उमटले. ते व्रण मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले नसते, तर वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी खोगिरावर चढले नसते, हे निश्चित.

२००५ साली एका अश्वारोहण शाळेच्या चालकांनी एक जर्मन मार्गदर्शिका माझ्याकडे आणून दिली. शाळेतील मोतद्दार आणि नवे शिक्षक यांना मराठीखेरीज दुसरी भाषा वाचता येत नव्हती; इंग्रजी पुस्तके कपाटात धूळ खात पडली होती. त्यांच्यासाठी या पुस्तकाचा मराठी अनुवाद हवा होता. विषय होता ड्रेसाजचा. घोड्याला वर्षानुवर्षांच्या क्रमशः व्यायामाने असे तयार करायचे की स्वाराच्या अस्फुट सूचनेवर त्याने तोल सांभाळून, प्रसन्नपणे चाल बदलावी, वळावे, थांबावे. प्रेक्षकाला त्यात नृत्य दिसते. पण त्याच्या मुळाशी असलेली गरज अगदी साधी आहे. घोडा नुसता उभा असतो तेव्हा त्याच्या वजनाचा सुमारे तीन-पंचमांश भाग पुढच्या पायांवर असतो. त्यात माणूस पाठीवर बसला की पुढचा भार आणखी वाढतो. हा भार हळूहळू मागच्या पायांकडे नेला नाही तर घोड्याची पाठ आणि पुढचे पाय लवकर निकामी होतात. ज्याला आपण शोभेची कला समजतो, ती मुळात ओझे वाहणाऱ्या प्राण्याला ते ओझे सोसावे कसे, हे शिकवणारी विद्या आहे.

या विद्येची परंपरा मोठी आहे. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफनने घोड्यांवर ग्रंथ लिहिला आणि बळजबरीपेक्षा सौम्यतेला अधिक महत्त्व दिले. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये ला गेरिनिएरने घोड्याचा खांदा आत घेऊन त्याला तिरकस चालवण्याचा व्यायाम शास्त्रशुद्ध मांडला. आजही त्यावाचून पुढची पायरी गाठता येत नाही. व्हिएन्नातील स्पॅनिश अश्वारोहण शाळेने ही परंपरा आजतागायत जपली. जर्मन घोडदळाने १९१२ मध्ये आपली नियमावली सिद्ध केली, ती १९३७ मध्ये सुधारली, आणि त्या देशातील पुढच्या साऱ्या मार्गदर्शिका तिच्याच वळणावर घडल्या. माझ्या हाती आलेली मार्गदर्शिकाही त्याच कुळातली होती. आपल्याकडेही घोडा ‘फेरणे’ हे क्रियापद आणि ‘चाबुकस्वार’ हा घोडा तयार करणाऱ्याचा वाचक शब्द जुन्या मराठीत आहेत. ते कोशातून शोधून काढताना मला झालेला आनंद अजून आठवतो. घोड्यावर बसण्याचा माझा अनुभव मात्र लहानपणी माथेरानला भाड्याच्या तट्टावर घेतलेल्या एका फेरीपुरता होता, आणि त्या फेरीत तट्टाचा लगाम त्याच्या मालकाच्या हातात होता.

मार्गदर्शिकेचा गाभा सहा पायऱ्यांचा. त्या सहा शब्दांवर मी एक महिना घालवला. ‘टाक्ट’ म्हणजे ताल. पावलांची नियमित लय. ‘लोसगेलासेनहाइट’ हा सोडून देणे या अर्थाच्या क्रियापदातून घडलेला शब्द. त्याला मी ‘मोकळेपणा’ म्हटले. ‘श्वुंग’ला ‘उसळी’, ‘गेराडेरिश्टुंग’ला ‘सरळपणा’. ‘फरझाम्लुंग’ या शब्दाचा रोजच्या जर्मनमध्ये सभा असा अर्थ होतो. घोड्याने आपली सगळी शक्ती मागच्या पायांवर गोळा करणे या अर्थी मी तेथे ‘एकवट’ हा शब्द योजला आणि स्वतःवर खूश झाले. ‘हाल्बे पाराडे’ म्हणजे पुढच्या हालचालीपूर्वी घोड्याला क्षणभर सावध करणे, त्याला ‘अर्धविराम’. उरली तिसरी पायरी, ‘आनलेनुंग’. भिंतीला टेकणे, कशाचा तरी आश्रय घेणे, या अर्थाच्या क्रियापदावरून तो शब्द आलेला. घोड्याचे तोंड आणि स्वाराचा हात यांना लगामातून जोडणारा जो संबंध, त्याला हे नाव. मी लिहिले, ‘आधार’. व्युत्पत्तीला धरून होता, मराठीत रुळलेला होता, मोतद्दारांना समजण्याजोगा होता. त्या शब्दाविषयी मला तिळमात्र शंका आली नाही.

मूळ पुस्तकात त्या शब्दाखाली पुरेसा खुलासा होता आणि तोही मी प्रामाणिकपणे मराठीत आणला होता. परंतु शब्द आधी पोचतो आणि खुलासा मागून. कित्येकदा तो पोचतच नाही. अनुवादाच्या छायाप्रती तबेल्यात वाटल्या गेल्या. पान अकरावर ठळक अक्षरांत होते : ‘तिसरी पायरी – आधार’.

चारपाच महिन्यांनी मी शाळा पाहायला गेले. तेथे घोडदळातून निवृत्त झालेले एक दफेदार शिकवीत असत. सातारा जिल्ह्यातले, साठीला आलेले, बोलण्यात मोजके. त्यांनी मला नमस्कार केला आणि म्हणाले, “बाई, पुस्तक चांगलं हाय. पर घोडीनं ते वाचल्यालं न्हाई.” मी हसले. मग त्यांनी मैदानाकडे बोट दाखवले.

मैदानात एक तांबूस, काळ्या आयाळीची घोडी वर्तुळात दुडकत होती. तिचे नाव शेवंती. शर्यतींतून निवृत्त झालेली, नऊ वर्षांची. तिच्या पाठीवर एका मोतद्दाराचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा होता. घोडीची मान वर ताठलेली, तोंड उघडे, पाठ खोलगट झालेली. आणि मुलगा दोन्ही हातांनी लगाम खेचून धरून बसलेला. तो जितका ओढी तितकी ती वेग वाढवी. पुढे मला कळले की शर्यतीचा घोडा घट्ट लगामावर तोल टाकून धावायलाच शिकलेला असतो. त्याला ओढणे म्हणजे ‘धाव’ असे सांगणे. मुलगा जवळून गेला तेव्हा मी विचारले, “अरे, एवढं ओढतोस कशाला?” तो निरागसपणे म्हणाला, “बाई, आधार धरलाय. पान अकरा.”

खाली उतरल्यावर दफेदारांनी घोडीच्या तोंडातील कडियाळे काढले. ओठांचे दोन्ही कोपरे सोलवटले होते. एका बाजूला रक्त सुकून काळे पडले होते. दफेदार मला काहीच बोलले नाहीत. त्यांनी हळद मागवली नाही की मुलाला रागावले नाहीत. शेवंतीला तीन आठवडे कडियाळे लावायचे नाही, डॉक्टरांना बोलवा, एवढेच त्यांनी सांगितले. बोलले असते तर मला बरे वाटले असते. मी तो शब्द बदलते, असे मी चाचरत म्हटले. त्यावर त्यांनी विचारले, “बदलून काय लिवणार?” माझ्याकडे उत्तर नव्हते. कोशात आणखी सहा प्रतिशब्द होते. पण त्यांतला बरोबर कोणता, हे कोश सांगू शकत नव्हता. “तुमी आधी बसा,” दफेदार म्हणाले.

आणि मी बसले. आठवड्यातून तीन सकाळी, सहा वाजता. पहिले तीन महिने मला लगाम दिलाच नाही; रिकिबीही काढून घेतल्या. एका शांत, म्हाताऱ्या घोड्याला लांब दोर बांधून दफेदार मध्यभागी उभे राहत आणि घोडा त्यांच्याभोवती फिरे. व्हिएन्नाच्या शाळेतही नव्या विद्यार्थ्याला प्रारंभीचा दीर्घ काळ असेच शिकवतात, हे मी अनुवादात लिहिले होते. ते लिहिताना तो मला एक रंजक तपशील वाटला होता. आता त्याचा अर्थ मांड्यांना कळू लागला.

स्वाराच्या बैठकीला मराठीत ‘मांड’ असा सुरेख शब्द आहे. मांड ठोकणे, मांड पक्की असणे, हे आपण सहज बोलतो. पण त्यातील ‘ठोकणे’ने माझी पहिली फसगत केली. पुस्तकात होते की कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत असावीत. मी ती रेषा पाळू लागले. पाठ ताठ, टाच खाली, गुडघे आवळलेले. घोडा दुडकू लागला की मी खोगिरावर मुसळासारखी आदळे. दुडकीत घोड्याचे तिरपे जोडीचे पाय एकदम पडतात, दोन ठोक्यांमध्ये क्षणभर चारही पाय हवेत असतात. पाठ सतत वरखाली होत असते. अशा हलत्या जमिनीवर स्थिर दिसायचे असेल तर आपण हलले पाहिजे, कंबरेने तिच्याबरोबर जायला पाहिजे. जो हलत नाही तो आदळतो. हे पुस्तकात लिहिलेले होते. मीच ते मराठीत आणले होते. पण ‘सैल सोडा’ ही आज्ञा पाळण्याचा प्रयत्न केला की शरीर अधिकच आवळे. आज्ञा पाळणे हाच एक ताण होता.

तो ताण गेला तो एका सामान्य युक्तीने. दफेदारांनी मला जोरजोराने पाढे म्हणायला लावले. एकोणतीसचा पाढा म्हणताना श्वास कोंडून धरता येत नाही, आणि श्वास सुटला की कंबर सुटते. एकोणतीस साती दोनशे तीनच्या आसपास केव्हातरी आदळणे थांबले. मी इतकी चकित झाले की पुढचा आकडा विसरले, आणि पुन्हा आदळू लागले. दोनचार पावलांचा तो अनुभव. पण ‘लोसगेलासेनहाइट’ हा शब्द जर्मनमध्ये वाचून, मराठीत लिहून जो कळला नव्हता, तो त्या दोनचार पावलांत कळला. शब्दात ‘सोडून देणे’ होते आणि मी मात्र इतके दिवस काहीतरी ‘करत’ होते.

यानंतर पायांचे शिक्षण सुरू झाले. स्वार पोटरीने सूचना देतो तेव्हा घोड्याचा त्या बाजूचा मागचा पाय अधिक पुढे यावा अशी अपेक्षा असते. पण पाय जमिनीवर टेकलेला, भार पेलत असेल तर तो पुढे येणार कसा? सूचना तो पाय उचलला जाण्याच्या क्षणी पोचली पाहिजे. पुस्तकात ही गोष्ट एका आकृतीने दाखवली होती. दफेदारांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि घोडा संथ पावलांनी चालू लागला. मी म्हणायचे, “डावा, उजवा, डावा, उजवा,” आणि ते पाहून सांगायचे की चूक. दीड महिना बहुतेक चूकच होती. मग लक्षात येऊ लागले : डावा मागचा पाय पुढे येतो तेव्हा घोड्याचे पोट उजवीकडे झुलते, आणि माझी डावी पोटरी, मी काही न करता, आपोआप आत पडते. म्हणजे सूचना देण्याचा क्षण घोडाच मला दर पावलाला सांगत होता. मी फक्त त्या आत पडलेल्या पोटरीला किंचित अर्थ द्यायचा होता. टाच मारून जे होत नव्हते ते या हलक्या दाबाने होऊ लागले. मी आतापर्यंत घोड्याशी बोलत होते ते त्याचे वाक्य मध्येच तोडून.

वर्तुळाची गोष्ट वेगळी. वीस मीटर व्यासाचे वर्तुळ हा या विद्येचा श्रीगणेशा. चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद मैदानाच्या कडेला अक्षरांच्या पाट्या असतात; कोपऱ्यापासून सहा मीटरांवर एक पाटी येते. वर्तुळ मात्र लांबीच्या बाजूला कोपऱ्यापासून दहा मीटरांवर स्पर्शते. नवशिका पाटी पाहून तिच्याकडे जातो आणि वर्तुळाचे अंडे होते. माझेही झाले. तेव्हा दफेदारांनी मैदानाच्या मधोमध खुंटी ठोकली, तिला दहा मीटर दोरी बांधली आणि मला पायीच फक्कीने वर्तुळ आखायला लावले. त्या रेषेवरून मी चालत दोन फेऱ्या घातल्या. पांढऱ्या रेषेवर चालताना जाणवले की वर्तुळात सरळ असे एकही पाऊल नसते. प्रत्येक पाऊल थोडे वळलेले असते. घोडीवर बसून मी सरळ जाई, मग एकदम वळे, पुन्हा सरळ जाई. आणि वळवण्यासाठी आतला लगाम ओढी. त्याने फक्त मान वळते, खांदा बाहेर निसटतो. वळण आतल्या पोटरीने आणि बाहेरच्या लगामाने राखायचे असते.

दफेदार दर आषाढीला दिंडीबरोबर जात. फक्कीच्या त्या रेषेकडे पाहून ते म्हणाले, “बाई, रिंगणात माउलींच्या घोड्यावर कोन बसत न्हाई. तरी त्यो गोल चुकत न्हाई. मग चुकवतंय कोन?” मी ते वाक्य त्या दिवशी अनुवादाच्या समासात लिहून ठेवले.

लगाम हाती मिळाला तो चौथ्या महिन्यात. पण तोही प्रथम घोड्यावर बसून नाही. दफेदारांनी शेवंतीचे कडियाळे धुऊन आणले, माझ्या दोन्ही तळहातांत दिले आणि मला डोळे मिटून उभे राहायला सांगितले. मी घोडी. मागे लगाम धरून तो मुलगा. “पान अकरापरमानं धर,” दफेदार त्याला म्हणाले. त्याने लगाम धरला. लोखंड बोटांच्या सांध्यांत रुतले. मी सहजच उलट ओढले. त्याने अधिक जोर लावला. काही क्षणांत माझे खांदे, मान, जबडासुद्धा घट्ट झाले. मला काय सांगितले जात आहे ते कळत नव्हते. एवढेच कळत होते की सुटका नाही. मग दफेदारांनी स्वतः लगाम घेतला. प्रथम वाटले, त्यांनी तो धरलेलाच नाही. मग हळूच जाणवले की पलीकडे कोणीतरी आहे. त्यांनी करंगळी किंचित मिटली असावी. मी डावीकडे वळले, आणि वळताक्षणी तो दाब नाहीसा झाला होता. दाबामुळे मला प्रश्न कळला होता. तो नाहीसा झाल्यामुळे माझे उत्तर बरोबर असल्याचे कळले. मुलाच्या हातात पहिला भाग होता, दुसरा नव्हता. दुसरा भाग माझ्या शब्दातही नव्हता. आधार कोणी सोडत नाही. आधार सुटला तर माणूस पडतो. मी त्या मुलाला जो शब्द दिला होता, त्यात सोडण्याला जागाच ठेवली नव्हती.

मग आमची जागा बदलली. मी लगाम धरला, मुलगा घोडी झाला. थोड्या वेळाने तो म्हणाला, “बाई, तुमचा हात लई घाबरलाय.” हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नसते.

शेवंतीवर मी बसले ती २००६ च्या जानेवारीत. तिच्या ओठांचे कोपरे भरून आले होते. तेथे केस गळून दोन पांढुरके डाग राहिले होते. लगामाला हात लागताच ती मान वर करी. तिला माणसाच्या हाताविषयी जे कळले होते ते मीच कळवले होते, मुलाच्या मार्फत. कित्येक सकाळी आम्ही नुसते चालत होतो. पाय ओळखायचे, वर्तुळ राखायचे, हात तिच्या तोंडाबरोबर पुढेमागे जाऊ द्यायचा, एवढेच. दफेदार म्हणत, “पोरगं आपलं बोट धरतंय न्हवं? तसं. तिनं तुमचं बोट धरायचं. तुमी तिचं मनगट न्हाई.”

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, वर्तुळाच्या तिसऱ्या की चौथ्या फेरीत, शेवंतीने नाकातून मोठा श्वास सोडला, मान लांब करून खाली आणली आणि लगाम माझ्या हातातून हलकेच पुढे नेला. मी तो जाऊ दिला. तिची पाठ माझ्याखाली फुगून वर आल्यासारखी झाली. लगामात वजन होते, पण ते माझे नव्हते. तिच्या मागच्या पायांतून निघून, पाठीतून, मानेतून ते माझ्या बोटांशी येऊन थांबले होते. सहा-सात पावले ते टिकले. मग मला फार आनंद झाला, मी काहीतरी केले, आणि ते गेले. पण मूळ जर्मन शब्द कोणाचा आहे, ते त्या क्षणी उलगडले. टेकण्याचे, आश्रय घेण्याचे ते क्रियापद घोड्याचे होते. घोडा पुढे येऊन स्वाराच्या हाताचा आश्रय शोधतो. मराठीत ‘आधार’ हे नुसते नाम लिहून मी त्या वाक्याचा कर्ता हरवला होता, आणि कर्ता नसलेल्या वाक्यात मुलाने स्वतःला बसवले. कोणीही बसवले असते. हातात लगाम असलेला माणूस दुसरे काय करील?

‘अर्धविराम’ हा शब्द मात्र, मला वाटले होते त्यापेक्षाही खरा निघाला. चाल बदलण्यापूर्वी स्वार क्षणभर कंबर स्थिर करतो, पोटरी लावतो, बाहेरची बोटे मिटतो आणि लगेच सारे सोडतो. मी प्रथम थांबवायलाच पाहत असे आणि शेवंती थांबूनच जाई. वर्गात मी विद्यार्थ्यांना सांगत आले होते की अर्धविरामानंतर वाक्य पुढे चालू राहते. ते खोगिरावर माझे मलाच पुन्हा सांगावे लागले.

त्या उन्हाळ्यात मी अनुवाद नव्याने लिहिला. छायाप्रती परत मागवल्या. अकरांपैकी नऊ मिळाल्या. तिसऱ्या पायरीसाठी मी पुष्कळ शब्द करून पाहिले. ‘संपर्क’ कोरडा वाटला, ‘स्पर्श’ अपुरा, दफेदारांच्या बोटावरून घडवलेले शब्द कृत्रिम. अखेर मी नामाचा नाद सोडला आणि एक वाक्य लिहिले : घोडा पुढे येऊन हात शोधतो, स्वाराने तो हात तेथे असू द्यावा. पायऱ्यांच्या यादीत पाच शब्द आणि एक वाक्य, अशी ती ओबडधोबड रचना आहे. भाषांतराच्या परीक्षेत मी स्वतः तिला कमी गुण दिले असते. पण त्या यादीसंबंधी आणखी एक गोष्ट मला कळली होती. कागदावर पायऱ्या एकीखाली एक असतात आणि घोड्याच्या वर्षानुवर्षांच्या शिक्षणात त्यांचा क्रम खराही असतो. खोगिरावरच्या एका क्षणात मात्र त्या एकदमच येतात आणि एकदमच जातात. ताल बिघडला की हात बिघडतो, हात बिघडला की पाठ. शिकणाऱ्याने पुस्तकाचा क्रम डोक्यात धरावा; पण एका सकाळी एकच गोष्ट शरीराला विचारावी आणि तिचे उत्तर येईपर्यंत दुसरी विचारू नये.

मी काही मोठी स्वार झाले नाही. ‘एकवट’ ही सहावी पायरी मी शेवटपर्यंत फक्त पाहिली. १९९८ साली व्हिएन्नाला गेले असताना स्पॅनिश शाळेचा सकाळचा सराव मी पाहिला होता. तेव्हा झुंबरे, पांढरे घोडे आणि सहाव्या कार्ल सम्राटाच्या चित्राला टोपी काढून वंदन करणारे स्वार एवढेच लक्षात राहिले होते. २६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांच्या संघाने ड्रेसाजचे सुवर्णपदक मिळवले. अश्वारोहणात भारताला १९८२ नंतर, एकेचाळीस वर्षांनी मिळालेले ते सुवर्ण. दूरदर्शन संचासमोर बसून मी पाहत होते ती गुणांची पाटी नव्हे. मी त्यांचे हात पाहत होते. तेथे पाहण्यासारखे जवळजवळ काहीच नव्हते, आणि ते काहीच नसणे घडवायला त्या मुलांना वर्षे लागली असतील, हे मला आता कळत होते.

शेवंती २०१४ मध्ये गेली. दफेदार गावी परतले. ओठांवरचे ते दोन पांढुरके डाग तिच्या शेवटपर्यंत तसेच होते. शेवटची काही वर्षे ती लहान मुलांना पाठीवर घेऊन संथ फिरत असे आणि मुले उतरल्यावर तिच्या तोंडावर हात फिरवीत. डाग कशाचे, असे कोणी विचारले की मोतद्दार माझ्याकडे पाहत नसत.

तो मुलगा आता त्याच शाळेत शिकवतो. मागच्या हिवाळ्यात मी तेथे गेले होते. खोगिरे ठेवण्याच्या खोलीत भिंतीवर एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला आहे. परत न आलेल्या दोन प्रतींपैकी एकीचे पान अकरा. ‘आधार’ हा शब्द लाल पेन्सिलीने खोडलेला आहे आणि शेजारी काहीच लिहिलेले नाही. नवी तुकडी आली की तो तिला या कागदासमोर उभी करतो. मी दाराशी उभी आहे हे त्याला ठाऊक नव्हते. तो मुलांना सांगत होता, “हा शब्द आमच्या बाईंनी चुकीचा लिहिला होता आणि मी तो चुकीचा वाचला होता. बरोबर काय ते ह्या भिंतीवर लिहिलेलं नाही. चला, बाहेर चला.”